अनणसुख आणि परदेशातून फेडावयाचे शैक्षणिक कर्ज

अंगुत्तर निकायाच्या चतुक्क निपातात भगवान बुद्धांनी अनाथपिंडिक गृहपतीस गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत : अत्थिसुख, भोगसुख, अनणसुख आणि अनवज्जसुख. कष्टाने व धम्माने मिळविलेले धन जवळ असणे हे पहिले. त्या धनाचा उपभोग घेणे आणि त्यातून पुण्यकर्म करणे हे दुसरे. थोडे असो वा फार, आपण कोणाचे काही देणे लागत नाही ही जाणीव हे तिसरे आणि काया, वाचा व मनाने निर्दोष असणे हे चौथे. पहिल्या तिन्ही सुखांना चौथ्याच्या सोळाव्या अंशाचीही सर नाही, असे सुत्तात म्हटले आहे. तरीही ऋणमुक्तीला तथागतांनी स्वतंत्र स्थान दिले. भिक्खुसंघात उपसंपदा घेणाऱ्यालाही ‘अनणोसि?’, म्हणजे तू ऋणमुक्त आहेस ना, असा प्रश्न विचारला जातो.

याचा अर्थ धम्माने कर्जालाच दोष दिला असा मात्र नव्हे. दीघ निकायातील सामञ्ञफल सुत्तात एक दृष्टान्त आहे. एक माणूस कर्ज काढून उद्योग करतो, उद्योग फळाला येतो, जुने देणे फिटते आणि कुटुंबाच्या पोषणासाठी काही शिल्लकही राहते. मग त्याला आनंद होतो. तेथे कर्ज निंद्य ठरत नाही. ते फिटून मागे काय उरते, याला महत्त्व आहे. पूज्य बाबासाहेबही १९२० साली अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी लंडनला परतले, तेव्हा त्यांच्यापाशी सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीच्या वेतनातून वाचविलेले पैसे, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि स्नेही नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज होते.

आज आपल्या समाजातील मुलामुलींपुढे दोन वाटा आहेत. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. परंतु तिच्या जागा दरवर्षी अवघ्या ७५. उरलेल्यांना बँकेचा उंबरठा गाठावा लागतो. या लेखाचा विषय ही दुसरी वाट आहे. तीत आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की, विद्यार्थी परदेशी जातो, कर्ज मात्र गावीच राहते.

कर्जाच्या कागदावर विद्यार्थ्याबरोबर आईची किंवा वडिलांची सही असते. ती साक्षीदाराची सही नसते. ते सहकर्जदार असतात, म्हणजे संपूर्ण रकमेला विद्यार्थ्याइतकेच बांधलेले. साडेसात लाखांवरच्या कर्जाला बहुधा तारणही द्यावे लागते आणि आपल्या घरांत तारण म्हणजे बहुतेक वेळा राहते घरच. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते. नोटीस टोरोंटोला किंवा मँचेस्टरला जाण्याआधी गावच्या पत्त्यावर येते. पतनोंदीत काळी खूण विद्यार्थ्याइतकीच सहकर्जदाराच्या नावापुढेही लागते. मग धाकट्या बहिणीने नर्सिंगसाठी कर्ज मागितले, तर तिच्यासाठी सही करणारा बापच अपात्र ठरतो. थोरल्याने थकविलेल्या हप्त्यांची किंमत अशी धाकटीला मोजावी लागते.

आता हिशेब पाहू. समजा, २० लाखांचे कर्ज १० टक्के दराने घेतले, सर्व रक्कम प्रारंभीच उचलली आणि अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. अभ्यासक्रमाचा काळ आणि पुढचे एक वर्ष हप्त्याला सामान्यतः स्थगिती असते. पण व्याजाला स्थगिती नसते. या तीन वर्षांत सरळव्याजाने सहा लाख साठतात, ते मुद्दलात मिळतात आणि फेड २६ लाखांपासून सुरू होते. पंधरा वर्षांची मुदत घेतल्यास मासिक हप्ता सुमारे २७,९४० रुपये बसतो आणि एकूण ५० लाखांवर रक्कम भरावी लागते. तेच कर्ज सात वर्षांत फेडावयाचे ठरविले, तर हप्ता सुमारे ४३,१६० रुपये होतो आणि एकूण भरणा ३६ लाखांच्या आसपास राहतो. अंतर चौदा लाखांचे! परकीय चलनात कमावणाऱ्याला हा वाढीव हप्ता पेलणे गावच्या पगारदारापेक्षा सोपे असते, कारण कर्ज रुपयांत असते आणि रुपयाची घसरण येथे त्याच्या पथ्यावर पडते. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंडही बँकेला घेता येत नाही. म्हणून मुदत लांब घ्यावी, पण फेड आखूड करावी, असे आमचे मत आहे. हाती काम नसेल त्या महिन्यात लहान हप्ताच बंधनकारक असलेला बरा.

निघण्यापूर्वी काही व्यवस्था लावून ठेवणे अगत्याचे आहे. नोकरीसाठी परदेशी स्थिरावल्यावर येथील साधे बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते. हप्ता ज्या खात्यातून आपोआप वळता होतो ते खातेच बदलले, तर पैसे असूनही हप्ता चुकतो. तेव्हा नव्या खात्याची आज्ञापत्रे बँकेत आधी द्यावीत. बँकेकडे नोंदविलेला भ्रमणध्वनी क्रमांक बंद पडू देऊ नये. आईच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवल्यास शाखेतील कामे अडत नाहीत. भारतात करपात्र उत्पन्न असल्यास आणि जुनी करप्रणाली निवडल्यास या कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते. सहकर्जदार वडील स्वतःच्या उत्पन्नातून व्याज भरत असतील, तर ती त्यांनाही घेता येते.

नोकरी गेली तर? हा प्रश्न आम्हांस सर्वाधिक वेळा विचारला जातो. अशा वेळी गप्प बसण्याइतके घातक काही नाही. पहिला हप्ता चुकण्याआधीच शाखेला लेखी कळवावे, मुदतवाढीची वा हप्त्याच्या फेररचनेची विनंती करावी आणि पोच जपून ठेवावी. विनंती मान्य करणे बँकेच्या हाती असते. मात्र खाते अनुत्पादक झाल्यावर तिचे हात बरेच बांधले जातात. तोवर जमेल तेवढी रक्कम भरत राहावे. आणि घरी खरे सांगावे. मुलाची नोकरी गेल्याची बातमी आईला वसुलीसाठी आलेल्या माणसाच्या तोंडून कळावी, यासारखी विटंबना नाही.

थोडे अप्रिय बोलतो. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने उत्पन्नाचे चार भाग करावेत असे सांगितले आहे : एक उपभोगासाठी, दोन उद्योगासाठी, एक आपत्कालासाठी. हप्ते थकलेले असताना विहाराच्या बांधकामाला मोठी देणगी पाठवून फलकावर नाव कोरून घेणे या विभागणीत कोठेच बसत नाही. आमच्या संस्थेलाही अशी देणगी नको आहे. आधी घराचे तारण सुटू द्यावे.

शेवटचा हप्ता भरल्यावरही एक काम उरते. बँकेकडून कर्जफेडीचा दाखला घ्यावा, मिळकतपत्रिकेवरील बोजा कमी करून घ्यावा आणि तारण दिलेली मूळ कागदपत्रे परत मागावीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ डिसेंबर २०२३ पासून ही कागदपत्रे संपूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत परत करणे बँकांवर बंधनकारक आहे. बँकेमुळे विलंब झाल्यास प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. कागद घेण्यास आई-वडिलांना शाखेत जावे लागणार असेल, तर संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जवळ राहणाऱ्या कोणीतरी त्यांच्यासोबत जावे, एवढे आम्ही सुचवितो.