उसळी बसली तर परत वर जा

चि. ईशानी,


तुझं सोलो उड्डाण झाल्याचं वाचून घरात सगळ्यांना आनंद झाला. पण पत्रात सहज लिहिलंस, ‘दोन उसळ्या बसल्या, तिसऱ्यांदा टेकलं.’ ते वाचून मला राहवेना.

सेसना १७२ उसळली की शिकाऊ हात घाबरून नाक खाली ढकलतो. मग पुढचं चाक आधी आपटतं. उतरताना भार घ्यायचा तो मागच्या दोन चाकांनी. पुढच्याच्या अंगात तेवढी ताकद नाही. विमान पुन्हा उसळतं, आधीपेक्षा उंच. पुन्हा ढकललंस की मार आणखी मोठा. अशातच पुढच्या चाकाचा दांडा मोडतो, प्रोपेलर जमिनीला घासतो आणि अख्खं इंजिन उघडून तपासावं लागतं. माणूस बहुधा चालत बाहेर येतो, पण त्या ‘बहुधा’वर मी तुला सोडणार नाही.

बहुतेक उसळ्यांचं मूळ फायनलवर, म्हणजे धावपट्टीकडे सरळ उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात असतं. पूर्ण फ्लॅपला ६५ नॉट पुरतात. धास्तीने ७५ ठेवलेस तर ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. जमिनीपासून पंखांच्या लांबीइतक्या, म्हणजे साधारण ११ मीटर उंचीच्या आत हवेचा रोध घटतो आणि विमान तरंगतच राहतं. तेव्हा ते बळजबरीने टेकवू नकोस. विदर्भातल्या मे महिन्यात आणखी एक फसगत होते. उन्हाने हवा विरळ झाल्याने काटा तोच वेग दाखवतो, पण जमीन जास्त वेगाने मागे पळते. ते पाहून वेग कमी करू नकोस, काट्यावरच चाल.

उसळी लहान असेल तर नाक आहे तिथेच धर, विमान आपोआप बसेल. मोठी असेल किंवा दुसरी बसली तर गो-अराउंड, म्हणजे परत वर. पूर्ण थ्रॉटल, उजवा रडर. उतरण्यासाठी लावलेल्या ट्रिममुळे नाक वर उसळेल, ते दाबून धर. फ्लॅप आधी २० अंशांवर घे, उरलेले फ्लॅप वेग आणि उंची मिळाल्यावर. सगळे एकदम काढलेस तर विमान खाली बसेल.

परत वर जाण्यात मुलं कमीपणा मानतात, याचा मला मनापासून राग येतो. ब्रीफिंग रूममध्ये कोण हसेल, याचा विचार धावपट्टीवर आणायचा नाही.

पुढच्या ड्युअल सॉर्टीत सरांना सांगून दोन-तीन लँडिंग मुद्दाम सोडून दे, अगदी टेकण्याआधीच्या फ्लेअरमधूनही. कसं झालं ते मला सविस्तर कळव.

तुझा,
मामा