इंडक्शन शेगडी : भांडे कोणते आणि सफाई कशी?

गॅसची टाकी महिन्याच्या मध्येच संपते आणि दुसरीसाठी हातात पैसे नसतात, तेव्हा वस्तीतल्या बऱ्याच घरांत इंडक्शन शेगडी बाहेर निघते. कोणाला ती लग्नात आहेर म्हणून आलेली असते, कोणी हप्त्यावर घेतलेली. तिला धूर नाही. एकाच खोलीत स्वयंपाक, झोप आणि मुलांचा अभ्यास चालतो अशा घरात हा मोठाच फायदा आहे. मात्र घरातली निम्मी भांडी तिच्यावर तापत नाहीत.

या शेगडीत जाळ नसतो. काचेखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. वीज सुरू झाली की तिथे वेगाने बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि वर ठेवलेल्या लोखंडी भांड्याचा तळ स्वतःच तापतो. जर्मनची पातेली, तांब्या-पितळेची भांडी, मातीची गाडगी यांवर ती चालत नाही; टीं-टीं वाजते आणि बंद पडते. बिघडली समजून दुरुस्तीला नेऊ नये.

स्टीलचेही सगळे चालत नाही, कारण स्टीलच्या काही प्रकारांना चुंबक चिकटत नाही. म्हणून भांडे घ्यायला जाताना एक छोटे चुंबक सोबत न्यावे आणि ते भांड्याच्या बाजूला नाही, तळाला लावून पाहावे. घट्ट चिकटले तर घ्यावे. तळ सपाट हवा. गोल बुडाची कढई आणि पोचे आलेले पातेले काचेला नीट टेकत नाही. चहाचे अगदी लहान पातेलेही बऱ्याच शेगड्या ओळखत नाहीत. तळ साधारण १२ सेंटीमीटर तरी असावा. जर्मनचा कुकर घ्यायचा असेल तर ‘इंडक्शन बेस’ लिहिलेला घ्यावा, त्याच्या बुडाला चुंबक चिकटणारा धातू बसवलेला असतो.

दुकानदार शेगडीबरोबर नॉनस्टिकचा संच गळ्यात मारायला बघतो. त्याची गरज नाही. सपाट लोखंडी तवा आणि सपाट बुडाची लोखंडी कढई ही या शेगडीवरची सर्वात चांगली भांडी, आणि ती बहुतेक घरांत आधीच असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त महिलांच्या अंगात रक्त कमी आढळले. लोखंडी कढईत शिजवलेल्या भाजीत थोडे लोह उतरते, टोमॅटो किंवा चिंच घातली तर जास्त. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या यामुळे बंद करायच्या नाहीत, पण ताटात जे फुकट येते ते का सोडा? भाजी झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी, नाहीतर काळी पडते.

भाकरीचे मात्र जरा अवघड आहे. तवा मध्ये भराभर तापतो आणि कडा थंड राहतात. आच मध्यम ठेवून तवा सावकाश तापवावा, भाकरी लहान थापावी आणि फडक्याने दाबत फिरवत भाजावी. लोखंडी भांडे काचेवर ओढू नये, उचलून ठेवावे.

जर्मनच्या भांड्याखाली ठेवायची लोखंडी चकती बाजारात मिळते. ती घेऊ नये. वीज वाया जाते आणि चकती जास्त तापून काच तडकू शकते.

सफाईआधी शेगडी बंद करावी, आतला पंखा थांबू द्यावा, मग प्लग काढावा. काच स्वतः तापत नसली तरी भांड्याच्या उष्णतेने पोळते, म्हणून लहान मुलांना तोवर जवळ येऊ देऊ नये. गार झाल्यावर भांडी घासायच्या साबणाचा थेंब घातलेल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावे. वरून पाणी ओतून धुणे म्हणजे विजेच्या यंत्रात पाणी सोडणे. तारेची घासणी, राख, वाळू नको. करपलेल्या डागावर खाण्याच्या सोड्याचा लेप दहा मिनिटे ठेवून पुसावा. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग लिंबाने जातात. बुद्ध पौर्णिमेची खीर उतू गेली तर मात्र पूर्ण गार व्हायची वाट पाहू नये. साखर काचेला धरते आणि नंतर काढताना काचेचा टवका निघतो. प्लग काढून, काच कोमट असतानाच जाड ओल्या फडक्याने पुसून घ्यावे.

खालच्या जाळीतून हवा आत जाते. शेगडी वर्तमानपत्रावर किंवा कापडावर ठेवली तर जाळी बुजते. भिंतीपासून वीतभर लांब ठेवावी, आणि जाळीतली धूळ व झुरळांची घाण कोरड्या ब्रशने काढावी.

२००० वॉटची शेगडी साधारण ९ अँपिअर वीज ओढते. पंख्या-मोबाईलचा ६ अँपिअरचा लहान सॉकेट किंवा स्वस्त एक्स्टेंशन बोर्ड तिच्यासाठी नाही. अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा मोठा सॉकेटच हवा. छातीत पेसमेकर बसवलेल्या माणसाने चालू शेगडीपासून दोन फूट लांब राहावे आणि आपल्या डॉक्टरांना विचारावे.

काचेला बारीकशी तडा दिसली तरी त्याच क्षणी बटण भिंतीवरून बंद करून प्लग काढावा. त्या फटीतून उतू गेलेले दूध-पाणी आतल्या तारांवर जाते आणि शॉक बसू शकतो. चिकटपट्टी लावून ‘एवढा आठवडा निभावू’ म्हणू नये. काच बदलेपर्यंत शेगडी वापरू नये.