परवान्याचा प्रवास

तुमच्या घरी कोणी ना कोणी वाहन चालवत असेल. अब्बा ट्रक चालवत असतील, मामू ऑटोरिक्षा चालवत असतील किंवा भाईजान मोटारसायकलने कामावर जात असतील. त्यांच्या खिशात एक लहानसे कार्ड असते. ते म्हणजे वाहन चालवण्याचा परवाना.

सरकारी कागदात याला ‘अनुज्ञप्ती’ म्हणतात. हा शब्द तुम्हांला अवघड वाटेल. खरे सांगायचे तर मराठी घरांतल्या मुलांनाही तो अवघडच वाटतो. रस्त्यावरचे लोक सरळ ‘लायसन’ म्हणतात. आपण ‘परवाना’ म्हणू, कारण हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत दिव्याभोवती फिरणाऱ्या पतंगालाही परवाना म्हणतात. मराठीत मात्र परवाना म्हणजे परवानगीचा कागदच.

हा परवाना कसा मिळवावा, हे पुष्कळांना ठाऊक असते. गुन्हा घडल्यावर तो परत कसा द्यावा लागतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ती हकीकत आज वाचू.

समजा, वणीहून कोळसा भरून एक ट्रक निघाला. वणी-करंजी रस्त्यावर मारेगावजवळ चालकाने घाईघाईने दुसऱ्या गाडीला ओलांडले. समोरून एक सायकलस्वार येत होता. त्याला धडक बसली आणि त्याचा पाय मोडला. चालक घाबरला. त्याने ट्रक थांबवला नाही. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी त्याला शोधून काढले.

या चालकाच्या हातून दोन गुन्हे घडले. त्याने धोकादायक रीतीने ट्रक चालवून एका माणसाला गंभीर जखमी केले, हा पहिला. जखमी माणसाला तसेच टाकून तो निघून गेला, हा दुसरा. पहिला गुन्हा घाईने झाला असे म्हणता येईल. दुसऱ्याबद्दल मात्र तसे म्हणणे कठीण आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून लागू आहे. त्यातील कलम १३४ सांगते, की अपघात झाल्यावर चालकाने जखमीला दवाखान्यात नेण्याची व्यवस्था केली पाहिजे आणि पोलिसांना लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, कळवले पाहिजे. जमाव चिडल्यामुळे जखमीजवळ थांबणे शक्य नसेल, तर कायदा ते समजून घेतो. पण मग पोलीस ठाणे तर गाठता येते!

पोलीस कधी कधी परवाना ताब्यात घेतात आणि त्याची पावती देतात. ही पावती नीट वाचून घ्यावी. काही पावत्यांवर ठरलेल्या मुदतीपर्यंत वाहन चालवता येते. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून धोकादायक चालवणे, दारू पिऊन चालवणे अशा गुन्ह्यांत मिळालेल्या पावतीवर वाहन चालवता येत नाही. अशा वेळी परवाना परिवहन कार्यालयाकडे जातो आणि ते कार्यालयही चालकाचे म्हणणे ऐकून त्याला काही काळ अपात्र ठरवू शकते. हा झाला पोलिसांचा आणि कार्यालयाचा भाग. गुन्हा शाबीत झाल्यावर शिक्षेबरोबर परवाना काढून घेणे, हे न्यायालयाचे काम आहे.

(येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे सजा. ‘मला शाळेत शिक्षा मिळते’ असे कोठे लिहू नका!)

आता न्यायालयात चला. चालकाला समन्स येते. ठरलेल्या तारखेला तो हजर होतो. परवाना त्याच्याजवळ असेल, तर तो बरोबर आणावा लागतो. न्यायदंडाधिकारी त्याला गुन्हा समजावून सांगतात आणि कबूल आहे का, असे विचारतात. कबूल नसेल तर साक्षीदार येतात, वकील बोलतात, तारखा पडतात. यात कधी वर्षे जातात. सायकलस्वाराला तोपर्यंत काठी घेऊन न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात, हेही विसरू नका.

शेवटी गुन्हा शाबीत झाला, असे समजा. न्यायालय दंड किंवा कैदेची शिक्षा सांगते. त्यानंतर परवान्याचा हुकूम होतो. जखमीला टाकून गेल्याबद्दल चालकाला निदान एक महिना अपात्र ठरवावेच लागते. दारू पिऊन चालवल्याचा गुन्हा असता, तर निदान सहा महिने. धोकादायक चालवून माणसाला गंभीर जखमी केल्याबद्दल न्यायालय परवाना काही काळ निलंबित करू शकते किंवा कायमचा रद्द करू शकते.

आपल्या चालकाचा परवाना निलंबित झाला. न्यायालय तो आपल्या ताब्यात घेते आणि त्यावर शेरा मारते. मग ज्या कार्यालयाने तो परवाना दिला किंवा त्याचे शेवटचे नूतनीकरण केले, त्या कार्यालयाकडे तो पाठवते. यवतमाळच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाचा क्रमांक एमएच २९ आहे. जिल्ह्यातल्या गाड्यांवर तुम्ही तो रोज वाचता. चालकाने परवाना अमरावतीला काढलेला असेल, तर तो एमएच २७ च्या कार्यालयात जाईल. तेथे तो मुदत संपेपर्यंत जपून ठेवतात.

काही चालक म्हणतात, “परवाना घरी राहिला.” कायद्याने याचाही विचार केला आहे. न्यायालयाला शेरा मारायचा असेल आणि परवाना तेथे नसेल, तर तो पाच दिवसांत आणून द्यावा लागतो. न्यायालय जास्त मुदत देऊ शकते. तेवढ्यात आणला नाही, तर आणून देईपर्यंत तो परवाना निरुपयोगी ठरतो. पेटीत लपवलेले कार्ड दिसायला चांगले दिसेल, पण ते चालणार नाही. शिवाय आता परवान्याची नोंद संगणकावरही असते.

मुदत संपली म्हणजे परवाना टपालाने घरी येत नाही. चालकाने स्वतः अर्ज करायचा. वैद्यकीय प्रमाणपत्र द्यायचे. वाहन चालवण्याची परीक्षा पुन्हा द्यायची. वीस वर्षे ट्रक चालवलेल्या माणसाला नव्या पोरांच्या रांगेत उभे राहावे लागते. परीक्षेत उतरला, तरच परवाना हातात पडतो.

मधल्या काळात त्याच्या घराचे काय होते? तो मालकाकडे हमाली करील किंवा शेतात मजुरीला जाईल. मुलांच्या शाळेचा खर्च अडेल. म्हणून हुकूम अन्यायाचा वाटला तर वरच्या न्यायालयात अपील करता येते. अपील केले म्हणून अपात्रतेचा हुकूम आपोआप थांबत नाही. वरच्या न्यायालयाने तसे सांगावे लागते. अपात्रता लांब मुदतीची असेल, तर सहा महिन्यांनंतर ती काढून टाकण्यासाठी त्याच न्यायालयाकडे अर्जही करता येतो. तोपर्यंत चोरून ट्रक चालवला, तर तो नवा गुन्हा. त्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीनुसार तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

तुम्ही म्हणाल, “आमच्याकडे परवानाच नाही, मग काय काढून घेणार?” याचे उत्तर त्याच दुरुस्तीत आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा वाहनाच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. आपल्याला हे माहीत नव्हते किंवा आपण थांबवण्याची पूर्ण खबरदारी घेतली होती, हे त्यांना सिद्ध करावे लागते. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. पंधराव्या वर्षी भाईजानची मोटारसायकल हळूच काढून दिग्रसच्या बाजारातून एक फेरी मारली आणि पकडला गेला, तर त्याला दहा वर्षे थांबावे लागेल.

शब्दार्थ : निलंबित – काही काळासाठी बंद केलेला, अपात्र – नालायक, हक्क नसलेला, नूतनीकरण – मुदत वाढवून घेणे, शेरा – कागदावर लिहिलेली नोंद.

प्रश्न : अपघातानंतर चालकाने काय करायला हवे होते? निलंबित परवाना परत कसा मिळतो? पाठातून तुमच्या भाषेत वापरले जाणारे पाच शब्द शोधून लिहा.