फॉरमॅट मारण्याआधी

घरातला जुना कॉम्प्युटर हँग व्हायला लागला की ‘फॉरमॅट मारून टाका’ हा सल्ला लगेच मिळतो. दुरुस्ती करणाऱ्यांच्या दृष्टीने तो सोयीचा असतो. नेमकं काय बिघडलंय हे शोधायला वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे कोणी देत नाही. पण फॉरमॅटमध्ये काय जाऊ शकतं, हे मी मावशीच्या घरी पाहिलं आहे.

काकांनी घराण्याची वंशावळ, गावच्या देवस्थानाच्या जुन्या नोंदी, आठवणी असं बरंच काही वर्षानुवर्षं टाइप करून ठेवलं होतं. दुरुस्तीवाल्याने फायली आधी पेन ड्राइव्हवर काढल्या, फॉरमॅट केलं आणि सगळ्या परत जागेवर ठेवल्या. एकही फाइल हरवली नाही. तरीही काकांनी वंशावळ उघडली तेव्हा पडद्यावर मराठीचं एक अक्षर नव्हतं. नुसती रोमन अक्षरं, डोक्यावर टोप्या घातलेले स्वर आणि गणितातली चिन्हं. युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेल्या मजकुराचं असंच असतं. फाइलीत ‘क’ साठवलेला नसतोच, एखाद्या रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा क्रमांक असतो आणि फाँट त्या जागी ‘क’ काढून दाखवतो. फॉरमॅटमध्ये तो फाँट गेला. टाइपिंगच्या प्रोग्रॅमची सीडी घरात कुणाला सापडेना. शेवटी ओळखीच्या एका छापखान्यातल्या जुन्या मशीनवर तोच फाँट मिळाला, म्हणून काकांचं लिखाण वाचलं. सगळ्यांनाच असा छापखाना सापडत नाही.

म्हणून आमच्या घरी बाबांचा कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बंद पडायला लागला, तेव्हा फॉरमॅटला मी स्पष्ट नकार दिला. मशीन विंडोज ७चं, २ जीबी रॅमचं. वर्डमध्ये टाइप करता करता वर्ड बंद व्हायचं, कधी फाइल उघडताना सगळंच गोठायचं, कधी थेट निळा पडदा. पहिलं काम बॅकअपचं केलं, आणि त्यात विंडोजच्या फोल्डरमधलं फाँट्स हे फोल्डरही घेतलं. शोधाशोध त्यानंतर. हार्ड डिस्कच आजारी असेल तर प्रत्येक रीस्टार्टला तिचा जीव कमी होत जातो. आतून टकटक आवाज येत असेल किंवा साधी फाइल कॉपी व्हायला अतोनात वेळ लागत असेल, तर पुढचं काहीही न करता आधी माहिती बाहेर काढावी.

विंडोजमध्ये एक फार उपयोगी पान आहे आणि ते फारसं कुणी उघडत नाही. स्टार्टच्या शोधपट्टीत इंग्रजीत ‘रिलायबिलिटी’ एवढं टाइप केलं की ‘रिलायबिलिटी हिस्टरी’ दिसते. विंडोज ७ मध्ये आहे, १० मध्येही आहे. दिवसांचे उभे रकाने, वर एक रेघ, आणि ज्या दिवशी एखादा प्रोग्रॅम कोसळला त्या दिवशी लाल फुली. त्याच रकान्यात खाली, त्या दिवशी काय नवीन बसवलं गेलं याचीही नोंद असते. बाबांच्या कॉम्प्युटरवर कित्येक आठवडे रेघ सरळ होती, मग एका दिवसापासून फुल्याच फुल्या. त्या रकान्यावर क्लिक केलं. नवीन प्रिंटर बसवायला आलेल्या मुलाने जाता जाता एक अँटिव्हायरस बसवून दिला होता. आधीचा अँटिव्हायरस मुदत संपलेला होता, पण काढलेला नव्हता.

दोन अँटिव्हायरस म्हणजे दुप्पट संरक्षण, असा समज घरोघरी आहे. तो घातक आहे. कोणतीही फाइल उघडली की अँटिव्हायरस मध्येच तिला अडवून तपासतो. हे अडवणं विंडोजच्या अगदी गाभ्यात चालतं. दोघे असले की एकाने तपासायला उघडलेली फाइल दुसरा अडवतो आणि दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात. साधा प्रोग्रॅम कोसळला तर तेवढीच खिडकी बंद होते. गाभ्यात काम करणारा ड्रायव्हर चुकला तर विंडोज सगळंच थांबवते, तोच निळा पडदा. कंट्रोल पॅनलमधून अनइन्स्टॉल केल्यावरही अँटिव्हायरसचा ड्रायव्हर मागे राहू शकतो. बहुतेक अँटिव्हायरस कंपन्या त्यासाठी स्वतःचं वेगळं रिमूव्हल टूल देतात. ते कंपनीच्याच साइटवरून घ्यावं आणि शक्यतो सेफ मोडमध्ये चालवावं. विंडोज ७ मध्ये सुरू होताना एफ-८ दाबत राहिलं की सेफ मोड मिळतो. १० मध्ये शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करायचं.

जुना अँटिव्हायरस असा काढल्यावर निळा पडदा थांबला. वर्ड मात्र अजून बंद पडत होतं, आणि इथे घाई न केल्याचा फायदा झाला. एका वेळी एकच बदल, तो वहीत लिहायचा, मग दोन दिवस नेहमीसारखं काम करून पाहायचं, हा नेम आम्ही पाळत होतो. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरं वाटलं ते कळत नाही, आणि बिघडलं तर कशाने बिघडलं तेही नाही.

उरलेला दोषी शोधायला क्लीन बूट वापरलं. विंडोजचं बटण आणि ‘आर’ एकत्र दाबून ‘एमएसकॉन्फिग’ टाइप करायचं, सर्व्हिसेसमध्ये मायक्रोसॉफ्टच्या सेवा लपवायची खूण आधी करायची आणि मगच उरलेल्या बंद करायच्या. ही खूण विसरू नका, नाहीतर विंडोजच्याच गरजेच्या सेवा बंद होतील. स्टार्टअपमधलेही प्रोग्रॅम बंद करायचे. सगळं बंद असताना मशीन नीट चाललं तर अर्धे चालू करायचे. त्रास परत आला तर दोषी त्या अर्ध्यात, नाही आला तर दुसऱ्यात. असं निम्मं निम्मं करत गेलं की लांबलचक यादीतूनही दोषी लवकर हाती लागतो. आमच्याकडे तो निघाला मराठी टाइपिंगचा. एक जुन्या फाँटचा प्रोग्रॅम आणि एक नंतर बसवलेला युनिकोडचा. दोघेही सुरुवातीलाच चालू होऊन कीबोर्डवरची प्रत्येक कळ मध्येच झेलत होते. कधी एक कळ दाबली की अक्षर दोनदा उमटायचं, ते याचमुळे. बाबा ते बोटांच्या थरथरीवर ढकलत होते. याचं मला फार वाईट वाटलं. जुना प्रोग्रॅम स्टार्टअपमधून काढला, लागेल तेव्हाच उघडायचा ठरवला, आणि वर्ड शांत झालं.

क्लीन बूट आणि सेफ मोडमध्येही मशीन बंद पडत असेल, दरवेळी निळ्या पडद्यावर वेगळाच संदेश येत असेल, तर सॉफ्टवेअरच्या मागे लागू नये. विंडोजमधलीच मेमरी डायग्नोस्टिक चालवावी. वायर काढून कॅबिनेट उघडावं, पंख्यावरची धूळ झाडावी, रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसून परत घट्ट बसवावी. तारीख सारखी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणसेल संपलेला असतो. तो किरकोळ किमतीला मिळतो, आणि तारीख चुकली की सुरक्षित वेबसाइटही उघडत नाहीत.

‘पीसी फास्ट करा’, ‘सगळे ड्रायव्हर अपडेट करा’ म्हणणारे फुकट प्रोग्रॅम जुन्या मशीनवर अजिबात घेऊ नयेत. रजिस्ट्री साफ करून वेग वाढत नाही, चालणारा ड्रायव्हर मात्र बिघडू शकतो.

एवढं करूनही एक मर्यादा आहे. विंडोज ७चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला संपले, विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला. क्रोमची नवी आवृत्ती २०२३ पासून विंडोज ७ वर बसत नाही. त्यामुळे बाबांच्या कॉम्प्युटरचं इंटरनेट आम्ही काढून टाकलं. बँकेची कामं त्यावर होत नाहीत. तो आता फक्त लिहिण्यासाठी आहे आणि त्या कामात तो उत्तम चालतो. जुन्या फाँटमधलं लिखाण फाँट कन्व्हर्टरने एकेक करून युनिकोडमध्ये आणणं सुरू आहे. रफार आणि जोडाक्षरं बिघडतात, म्हणून बाबा मूळ फाइल शेजारी उघडी ठेवून प्रत्येक पान तपासतात.

तुमच्या घरातही कुणाचं असं लिखाण जुन्या मशीनवर असेल, तर मशीन बंद पडण्याची वाट न पाहता या रविवारी फायलींसोबत फाँट्सचं फोल्डरही पेन ड्राइव्हवर घ्या, आणि मशीन कुणाच्या हाती देण्याआधी एका दुसऱ्या कॉम्प्युटरवर ते फाँट बसवून, पेन ड्राइव्हवरच्या फायली उघडून मराठी नीट दिसतंय ना, ते पाहा.