दर यंदाचे, दिसतात गेल्या वर्षीचे

प्रश्न : पेणला आमचा गणेशमूर्तींचा कारखाना आहे. वेबसाइटवर नवे दर टाकले, पण रोह्याच्या गिऱ्हाइकाला जुनेच दिसतात, फोटोही अर्धवट. सर्व्हर बदलावा का?

उत्तर : सर्व्हरला हात लावू नका. आधी त्यांना इन्कॉग्निटोमध्ये साइट उघडायला सांगा. तिथे नीट दिसली, तर गोंधळ त्यांच्या ब्राउझरच्या कॅशेचा. पान झटकन उघडावे म्हणून ब्राउझर फोटो आणि मांडणीच्या फाइली साठवून ठेवतो. त्यातली एखादी जुनी झाली किंवा बिघडली, की तीच प्रत पुन्हा पुन्हा समोर येते. संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबावे. मोबाइलवर क्रोमच्या सेटिंग्जमधून ब्राउझिंग डेटा पुसताना फक्त कॅशेवर खूण ठेवावी. कुकीजवरची खूण काढावी, नाहीतर बहुतेक साइटवरचे लॉगिन जाते आणि मग बसा ओटीपीची वाट बघत!

पण गणपतीच्या तोंडावर प्रत्येक गिऱ्हाइकाला हे कोण समजावणार? फोटो बदलला, की फाइलचे नावही बदला. नव्या नावाची फाइल ब्राउझरला नव्याने आणावीच लागते. दरपत्रकाच्या पानाला डेव्हलपरकडून ‘नो-कॅशे’ सूचना लावून घ्या, म्हणजे ब्राउझर दरवेळी सर्व्हरला विचारूनच ते दाखवेल.