निर्दोष यंत्रें आणि काळा पडदा



दोन भलीं माणसें एकत्र आलीं म्हणजे त्यांचें जमतेंच असें नाहीं. यंत्रांचेंहि तसेंच आहे. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं हौसेनें नवा ब्ल्यू-रे प्लेअर विकत आणला. घरांतील मोठा पडदा जुना, परंतु सुस्थितींत होता. तार जोडली, पैसे देऊन घेतलेली तबकडी आंत घातली. पडदा मात्र काळाच राहिला. दुकानदार म्हणाला, "पडदा जुना झाला, आतां तो मोडींत काढा." वडिलांनाहि तें पटलें. मुलानें मात्र एका दिवसाची मुदत मागून घेतली.

त्यानें प्रथम पडदा व तार तशीच ठेवून प्लेअरच्या जागीं घरचा संगणक जोडला. चित्र स्वच्छ उमटलें. म्हणजे पडदा व तार निर्दोष. मग त्यानें प्लेअर शेजाऱ्यांच्या नव्या दूरचित्रवाणी संचाला जोडला. चित्रपट उत्तम दिसला. म्हणजे प्लेअरहि निर्दोष. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, हा प्रयोगशाळेंतील नियम त्यानें घरीं पाळला, आणि दोष कोणा एकाच्या पोटांत नसून दोघांच्या परस्परव्यवहारांत आहे, हें त्यास कळून आलें.

तो व्यवहार कसा चालतो, तें पाहूं. जुन्या पडद्यास डीव्हीआय नांवाचें तोंड होतें. तें १९९९ सालीं प्रचारांत आलें. नव्या प्लेअरचें तोंड एचडीएमआय. त्याची पहिली आवृत्ति डिसेंबर १९०० च्या शतकांतली नव्हे, तर डिसेंबर २००२ मधील आहे. या दोहोंतून चित्र एकाच पद्धतीनें वाहतें, म्हणून साधा जोड लावून त्यांस एकत्र आणतां येतें. आवाजासाठीं मात्र बहुधा वेगळी तार लागते. असें असतां चित्र कां अडलें? कारण चित्रपट सोडण्यापूर्वीं प्लेअर पडद्यास परवलीचा शब्द विचारतो. या पद्धतीस एचडीसीपी म्हणतात. ती इंटेल कंपनीनें तयार केली व २००० सालीं पुढें आली. आरंभींच्या अनेक डीव्हीआय पडद्यांस ही परवल शिकविलेलीच नव्हती. संगणकानें आपलें नेहमींचें चित्र दाखवितांना ती विचारली नाहीं, म्हणून तें दिसलें. संरक्षित तबकडीसाठीं प्लेअरनें ती विचारली, व उत्तर न आल्यामुळें चित्र रोखून धरलें.

या परवलीचें गणित मोठें गमतीचें आहे. पहिल्या पद्धतींत प्रत्येक यंत्रापाशीं ४० गुप्त किल्ल्या असतात. किल्ली म्हणजे येथें एक मोठी संख्या. शिवाय प्रत्येकाजवळ ४० अंकांचा एक उघड क्रमांक असतो. त्यांत २० ठिकाणीं १ व २० ठिकाणीं ० असतें. दोन्ही यंत्रें आपापला क्रमांक एकमेकांस सांगतात. मग दुसऱ्याच्या क्रमांकांत जेथें जेथें १ असेल, तेथल्या तेथल्या आपल्या किल्ल्यांची प्रत्येक यंत्र बेरीज करतें. किल्ल्या भिन्न असूनहि दोन्ही बेरजा सारख्याच याव्यात, अशी मूळ योजना आहे. गुपित कोणीच उघड करीत नाहीं, तरी ओळख पटते! चित्र चालू असतांनाहि सुमारें दर दोन सेकंदांनीं ही ओळख पुन्हां तपासली जाते. म्हणूनच तार सदोष असल्यास चित्र मधूनमधून नाहींसें होऊं शकतें.

रायगडावरील हिरकणीची आख्यायिका आपण ऐकलीच आहे. सायंकाळीं दरवाजे बंद झाले ते शत्रूसाठीं. अडकली ती मात्र तान्ह्या मुलाची आई. येथेंहि कुलूप चोरासाठीं आहे. चित्रपट निर्माण करणाऱ्यांस त्यांच्या श्रमांचें मोल मिळावें, हें न्याय्यच होय. परंतु सप्टेंबर २०१० मध्यें या पद्धतीची मूळ किल्लीच उघड झाली, व ती खरी असल्याचें इंटेलनें मान्य केलें. चोरास वाट सापडली. जुन्या पडद्याच्या प्रामाणिक मालकापुढें मात्र दरवाजा बंदच राहिला.

मग त्यानें काय करावें? कडा उतरण्याचें कारण नाहीं. दरवाज्याची रीत आधीं विचारून घ्यावी. खरेदीपूर्वीं पडद्याच्या पाठीमागचीं तोंडें पाहावींत व माहितीपुस्तकांत एचडीसीपीची आवृत्ति वाचावी. ४के चित्रपटांस सामान्यतः २.२ किंवा तिच्या पुढील आवृत्ति लागते. पडदा त्याहून जुना असल्यास कांहीं प्लेअर कमी बारकाव्याचें चित्र देतात, कांहीं मुळींच देत नाहींत. मध्यें ध्वनिवर्धक जोडलेला असल्यास त्यासहि तीच परवल यावी लागते. म्हणून प्रथम दोन्ही यंत्रें थेट जोडून पाहावींत.

फार जुन्या संचास पिवळें, तांबडें व पांढरें अशीं तोंडें असतात. त्यास तशींच तोंडें असलेला डीव्हीडी प्लेअर जोडावा, पण तो व्हीसीआरमधून नेऊं नये. १९८५ च्या सुमारास आलेली मॅक्रोव्हिजन नांवाची जुनी संरक्षणपद्धति व्हीसीआरला गोंधळांत पाडते, आणि चित्र उगाच उजळतें व काळवंडतें.

आपल्या विद्यार्थ्याच्या पडद्यास हिरवें, निळें व तांबडें अशीं तीन तोंडेंहि होतीं. या वाटेनें एचडीसीपीची परवल विचारली जात नाहीं. परंतु ३१ डिसेंबर २०१० नंतर बनलेल्या प्लेअरांनीं ब्ल्यू-रेचें संरक्षित चित्र या वाटेनें साध्या प्रतीचेंच द्यावें, व ३१ डिसेंबर २०१३ नंतरच्यांनीं तें मुळींच देऊं नये, असा नियम झाला. मुलाच्या मामांकडे २००८ सालचा प्लेअर पडून होता. तो आणून तीन तारांनीं जोडला, आणि त्याच तबकडीचें चित्र त्याच पडद्यावर झळकलें! नवा प्लेअर दुकानदारानें परत घेतला.

पालकांस विनंति इतकीच कीं, घरांतील चालतें यंत्र कोणाच्या एका शब्दावर मोडींत घालूं नये. आणि मित्रहो, वस्तूस असो वा माणसास असो, "निकामी" हा शिक्का मारण्यापूर्वीं एका दिवसाची मुदत मागून घ्यावी व नीट चौकशी करावी.