मुरघासात आलेला गाळ

जून 2012मध्ये पश्चिम वेल्समध्ये मोठा पूर आला आणि ओसरला. पुराखाली गेलेल्या कुरणांतलं गवत कापून पशुपालकांनी मुरघास भरला. तोच खाऊन गुरांना विषबाधा झाली, काही दगावली. तपासणीत त्या मुरघासात किलोमागे 1900 मिलिग्रॅमपर्यंत शिसं निघालं. युरोपात चाऱ्यासाठी कायद्याने घातलेली मर्यादा 30 मिलिग्रॅमची आहे.

त्या खोऱ्यांतल्या शिशाच्या खाणी कधीच्या बंद पडल्या होत्या. पण खाणीतून उपसलेली माती आणि काठांवर साचलेला गाळ तिथेच होता. पुराने तो उचलून कुरणांवर पसरला.

शिसं मुळांतून गवताच्या पात्यात फारसं चढत नाही. जनावराच्या पोटात ते जातं मुख्यतः गवताला चिकटलेल्या मातीतून. कुरण आखूड झालं, की गुरं जमिनीलगत चरतात आणि प्रत्येक घासाबरोबर माती खातात. म्हणून खाणपट्ट्यात कुरण पार खुरटेपर्यंत चारू नये, वैरण जमिनीवर न टाकता गव्हाणीत घालावी आणि पुराचा गाळ बसलेल्या शेतातल्या चाऱ्याचा मुरघास करू नये. खनिजं कमी पडलेली जनावरं माती चाटतात. त्यांना खनिज मिश्रण नियमित द्यावं.

आणि लक्षणं ओळखावीत. वासरांना बाधा लवकर होते. मी पाहिलेल्या वासरांना दिसणं एकाएकी बंद झालं होतं. ती दात खात होती, भिंतीला डोकं टेकवून उभी राहत होती. लाळ गळते, जनावर गोल फिरतं, झटके येतात. पिसाळण्याचा रोगही असाच दिसू शकतो, म्हणून तोंडात हात घालू नका. जनावर बांधून ठेवा, पशुवैद्यकांना बोलवा आणि आसपास खाण आहे हे त्यांना आधी सांगा. ती एक माहिती निदानाची दिशा ठरवते. कॅल्शियम ईडीटीए आणि थायमिन यांचे उपचार आहेत, पण ते लवकर सुरू व्हावे लागतात.

एक जनावर आजारी पडलं, तर त्याच चाऱ्यावरच्या सगळ्यांचं रक्त तपासून घ्यावं. वरून धडधाकट दिसणाऱ्या गाईच्या रक्तातही शिसं जास्त असू शकतं. ते हाडांत साठतं आणि गाभणपणात, दुधाच्या काळात पुन्हा रक्तात उतरतं. तिथून दुधात येतं. अहवाल येईपर्यंत ते दूध घरात किंवा डेअरीला देऊ नये. बाधित जनावराचं यकृत आणि मूत्रपिंड तर कुणीच खाऊ नये. झांबियातल्या काब्वे इथली शिसे-जस्ताची खाण 1994मध्ये बंद झाली, तरी नंतरच्या वर्षांत तिथल्या गुरांच्या याच अवयवांत शिसं आढळलं.

गोव्यात डिचोली-सांग्याकडे पावसाळ्यात लोहखनिजाच्या ढिगाऱ्यांचा गाळ शेतात उतरतो; भंडारा-नागपूरकडे मँगनीजच्या खाणी आहेत. प्रत्येक ठिकाणचे धातू वेगळे, त्यामुळे वेल्सचे आकडे इथे लावता येणार नाहीत. पण गाळाची वाट तीच आहे. ग्रामपंचायतीने पावसाळ्यानंतर गायरान, ओढ्याचा गाळ आणि गुरांचं पिण्याचं पाणी यांचे नमुने प्रयोगशाळेत पाठवावेत आणि तपासायचे धातू जवळच्या खाणीतून काय निघतं ते पाहून ठरवावेत.